ड्राइव्हपासून डिस्कपर्यंत: लिनक्सवरील ऑप्टिकल ड्राइव्हची मांडणी आणि उपकरणांच्या परवानग्या

लिनक्सवर ऑप्टिकल ड्राइव्ह ही एक फाइल असते. संगणकाला जोडलेला सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे ड्राइव्ह कर्नलने ओळखला की ‘डेव्ह’ या निर्देशिकेत ‘एसआर0’ नावाची नोंद उमटते. दुसरा ड्राइव्ह असेल तर त्याची नोंद ‘एसआर1’ अशी होते. या फाइलला इतर कोणत्याही फाइलप्रमाणे मालक असतो, ग्रुप असतो आणि वाचण्या-लिहिण्याचे हक्क असतात. एवढे समजले की विषय संपला असे वाटते आणि घोळाला सुरुवात होते तीही येथूनच. डिस्क ट्रेमध्ये ठेवल्यापासून तिच्यातला फोटो पडद्यावर दिसेपर्यंत परवानगीचा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा येतो. उपकरण-फाइल उघडताना तो येतो, ड्राइव्हला थेट आज्ञा देताना येतो, डिस्क माउंट करताना येतो आणि डिस्कवरच्या फाइली वाचतानाही येतो. यांपैकी कोठेही अडले तरी पडद्यावर बहुधा एकच छापील वाक्य दिसते: परवानगी नाकारली. वाक्य एकच असल्यामुळे उपायही एकच असावा अशी समजूत होते. मग वापरणारा रूट, म्हणजे सर्व हक्क असलेला प्रशासक, होऊन काम उरकतो, किंवा फाइलचे हक्क सर्वांना मोकळे करून टाकतो. नेमके कोठे अडले हे न शोधता केलेला हा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागतो.

ऑप्टिकल डिस्कचा जमाना सरला असला तरी डिस्क सरलेल्या नाहीत. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेली कॉम्पॅक्ट डिस्क 1982 मध्ये बाजारात आली. भारतात तिची खरी चलती झाली ती व्हीसीडीच्या रूपाने. लग्नाचे चित्रण, नाटके, चित्रपट, गाण्यांचे संग्रह हे सगळे पंधरा-वीस वर्षे डिस्कवर साठत गेले. मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमारास चित्रपटाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा घरोघरी डिस्कची चळत उभी राहिली. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण चळती राहिल्या. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हा ठेवा अधिक जपला जातो, कारण मराठी नाटक तिकडे सहज बघायला मिळत नाही. भोपाळचेच उदाहरण घ्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले. सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरकडची पुष्कळ मराठी कुटुंबे भोपाळला गेली. त्याच वर्षी तेथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा, सार्वजनिक उद्योग उभा राहू लागला. रायसेन रस्त्यावरच्या आनंद नगरसारख्या वस्तीतल्या एखाद्या मराठी घरात आज जुना संगणक लिनक्स टाकून पुन्हा चालता केला, तर त्याला पहिले काम पडते ते बहुधा असल्याच डिस्क वाचण्याचे. सरकारी कचेरी, शाळा आणि ग्रंथालये यांच्याकडेही जुने अहवाल आणि पुस्तकांसोबत आलेल्या सीडी आहेत. लिनक्स स्वतः भारतात पसरले तेही डिस्कवरूनच: ‘लिनक्स फॉर यू’सारख्या मासिकाच्या अंकासोबत मिळणारी डिस्क, किंवा उबुंटूने 2011 पर्यंत मागेल त्याला टपालाने फुकट धाडलेली सीडी.

ड्राइव्हच्या नावाचा इतिहास थोडा सांगणे भाग आहे, कारण जुन्या पुस्तकांतले उपाय जुन्या नावांवर बेतलेले असतात. पूर्वी ड्राइव्ह आयडीई केबलवर बसत असे आणि त्याचे नाव केबलवरच्या जागेवरून ठरत असे. दुसऱ्या केबलवरचे पहिले उपकरण म्हणजे ‘एचडीसी’, दुसरे ‘एचडीडी’. सीडी लिहिणारी सॉफ्टवेअरे मात्र स्कझी पद्धतीच्या आज्ञा वापरत. त्यामुळे 2.4 कर्नलच्या काळात आयडीई ड्राइव्हला स्कझीचे सोंग देणारा ‘आयडीई-स्कझी’ हा घटक बसवावा लागे. तो बसवला की त्याच ड्राइव्हचे नाव ‘एससीडी0’ होई आणि ‘एचडीसी’ गृहीत धरून केलेली सगळी मांडणी कोलमडे. 2.6 कर्नलने हे सोंग अनावश्यक ठरवले. पुढे साटा आले, डिस्कचे सारे काम नव्या ‘लिबअटा’ यंत्रणेकडे गेले आणि सर्व ऑप्टिकल ड्राइव्हना ‘एसआर’ हे नाव मिळाले. जुने आयडीई चालक 2021 मधल्या 5.14 कर्नलमधून काढूनच टाकले गेले. म्हणून ‘एचडीसी’चा उल्लेख असलेली सूचना आज जशीच्या तशी चालणार नाही. नाव बदलून ती चालेलच असेही नाही. ‘डेव्ह’मध्ये ‘सीडीरॉम’ नावाची जी नोंद दिसते तो केवळ ‘एसआर0’कडे बोट दाखवणारा दुवा असतो. दुव्याच्या परवानग्या पाहून काही कळत नाही. पाहायची ती मूळ फाइल.

त्या मूळ फाइलची सविस्तर नोंद ‘एलएस’ आज्ञेने पाहिली तर पहिले अक्षर ‘बी’ दिसते, म्हणजे हे खंडांनी वाचले जाणारे उपकरण आहे. आकाराच्या जागी 11 आणि 0 हे दोन आकडे येतात. 11 हा कर्नलमधल्या ऑप्टिकल चालकाचा क्रमांक आणि 0 हा पहिला ड्राइव्ह. मालक रूट असतो, ग्रुप बहुतेक वितरणांत ‘सीडीरॉम’ असतो आणि आर्च लिनक्सवर ‘ऑप्टिकल’. हक्क 0660, म्हणजे मालकाला व ग्रुपला वाचणे-लिहिणे, इतरांना काहीही नाही. डेबियनमध्ये ‘सीडीरॉम’ ग्रुपचा क्रमांक 24 ठरलेला आहे. सी-डॅकने 2007 मध्ये आणलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण डेबियनवरच उभे असल्याने त्यालाही हीच घडण लागू पडते.

ग्रुपमध्ये नाव घालणे हा जुना आणि अजूनही चालणारा उपाय आहे. ‘युजरमॉड’ आज्ञेला मोठ्या ‘जी’ने ग्रुप सांगितला जातो, पण त्याच्या आधी लहान ‘ए’ हवाच. ‘ए’ म्हणजे असलेल्या ग्रुपांत भर घाल. तो राहिला तर सांगितलेला ग्रुप सोडून बाकीच्या सगळ्या जोड ग्रुपांतून त्या व्यक्तीचे नाव निघते. त्यात प्रशासकाचे हक्क देणारा ‘सुडो’ ग्रुप असेल तर घरच्या एकुलत्या एक संगणकावर प्रशासकच उरत नाही. सीडी ऐकता यावी म्हणून बसलेल्या माणसाला संगणक दुरुस्तीला न्यावा लागावा, असा हा एका अक्षराचा प्रताप आहे. शिवाय नवे सदस्यत्व चालू सत्राला लागू होत नाही. चालू प्रोग्रॅमांकडे लॉग-इनच्या वेळची ग्रुपांची यादीच असते. ‘आयडी’ आज्ञा नाव न देता चालवली तर चालू सत्राची खरी यादी दिसते. नाव देऊन चालवली तर नोंदवहीतली दिसते आणि ती फसवते. लॉग-आउट करूनही काही डेस्कटॉपवर पाठीमागचे सत्र जिवंत राहते, तेव्हा संगणक एकदा बंद करून चालू करणे हाच कमी कटकटीचा मार्ग ठरतो.

आजच्या डेस्कटॉपवर मात्र गंमत अशी, की कोणत्याही ग्रुपमध्ये नसलेली व्यक्तीही सुखाने सीडी वाचते. हे घडवून आणते ती युडेव्ह आणि सत्रव्यवस्थापक यांची जोडी. युडेव्हचा जन्म 2003 चा. उपकरण जोडले किंवा काढले की कर्नल वर्दी देतो आणि युडेव्ह आपली नियमपुस्तिका चाळून त्या उपकरणाची फाइल कोणाच्या ग्रुपात टाकायची, कोणते दुवे द्यायचे, कोणती खूण चिकटवायची हे ठरवते. ऑप्टिकल ड्राइव्हला ‘युअ‍ॅक्सेस’ ही खूण मिळते. संगणकावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा लॉग-इन व्यवस्थापक, म्हणजेच हा सत्रव्यवस्थापक, ही खूण पाहतो आणि जी व्यक्ती प्रत्यक्ष त्या पडद्यासमोर, त्या कळफलकावर बसून लॉग-इन झाली आहे, तिच्या नावाने फाइलवर जादा हक्काची नोंद करतो. ती उठून दुसरी व्यक्ती बसली की नोंद बदलते. ‘एलएस’च्या उत्तरात हक्कांच्या शेवटी जे अधिक चिन्ह (+) दिसते ते या नोंदीचे, आणि नोंद नेमकी कोणाच्या नावाची हे ‘गेटएफएसीएल’ सांगते.

दोन्ही पद्धतींत तत्त्वाचा फरक आहे. ग्रुपचे सदस्यत्व व्यक्तीला मिळते आणि ती कोठूनही आली तरी टिकते. सत्राचा हक्क जागेला मिळतो. शाळेच्या संगणक-खोलीचे उदाहरण घेतले तर हे लगेच पटते. सगळ्या मुलांना ‘सीडीरॉम’ ग्रुपात टाकले, तर पहिल्या रांगेतला मुलगा नेटवर्कवरून शेवटच्या रांगेतल्या संगणकावर शिरून तेथल्या मुलीची डिस्क वाचू शकतो आणि ट्रेही उघडू शकतो. सत्राच्या हक्काने हे होत नाही. उलट, पडदा नसलेल्या सर्व्हरवर किंवा दूरवरून एसएसएचने आलेल्या व्यक्तीला सत्राचा हक्क मिळतच नाही. तेथे ग्रुप हाच मार्ग. ‘घरी बसून चालते, बाहेरून चालत नाही’ या तक्रारीचे मूळ येथे असते. घरगुती संगणकावर ग्रुप आणि सत्र दोन्ही असले तरी बिघडत नाही, पण सार्वजनिक संगणकावर मुळात ग्रुप रिकामा ठेवणे बरे.

आता ‘चमॉड’ने फाइल सर्वांना मोकळी करण्याबद्दल. हा उपाय आज लागतो आणि उद्या पुसला जातो. ‘डेव्ह’ निर्देशिका डिस्कवर नसते. ती स्मृतीत असते आणि संगणक सुरू होताना दर वेळी नव्याने भरली जाते. म्हणून हाताने दिलेले हक्क पुढच्या सुरुवातीपर्यंतच टिकतात, आणि यूएसबीवरचा ड्राइव्ह असेल तर केबल काढून लावेपर्यंत. कायमचा बदल हवा असेल तर ‘ईटीसी’खालच्या युडेव्हच्या नियम-निर्देशिकेत स्वतःची छोटी फाइल ठेवावी. तिच्यात अट आधी आणि आदेश नंतर येतो: उपव्यवस्था ‘ब्लॉक’ असेल व कर्नलचे नाव ‘एसआर’ने सुरू होत असेल, तर ग्रुप अमुक आणि हक्क तमुक. अटीत तुलना असते म्हणून बरोबरचे चिन्ह दोनदा लिहायचे, आदेशात एकदा. ही दुहेरी-एकेरी चूक झाली तर नियम गुपचूप वाया जातो. फाइलच्या नावाच्या सुरुवातीचा आकडा शोभेचा नसतो. नियम त्या क्रमाने वाचले जातात. ‘युअ‍ॅक्सेस’ खूण देणारा नियम 73 या आकड्याच्या आधी यावा लागतो, कारण खुणांची अंमलबजावणी तेथे होते. 99 आकडा देऊन ‘आपला नियम सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत भारी’ असे समजणाऱ्याला ही खूण लागतच नाही. नियम लिहिल्यावर ‘युडेव्हएडीएम’ आज्ञेने नियम पुन्हा वाचायला लावून उपकरणाची वर्दी पुन्हा उठवावी. त्याच आज्ञेचा चाचणीचा पर्याय कोणता नियम कोठे लागला हे ओळीओळीने दाखवतो.

‘डिस्क’ नावाच्या ग्रुपात नाव घालण्याचा सल्लाही कधीकधी दिला जातो. तो कटाक्षाने टाळावा. त्या ग्रुपाला हार्ड डिस्कच्या कच्च्या फाइली उघडता येतात, म्हणजे फाइलींच्या साऱ्या परवानग्या वळसा घालून टाळता येतात. सीडीसाठी हे देणे म्हणजे रूटचा हक्क वेगळ्या नावाने देणे होय.

डिस्क वाचण्यापेक्षा तिच्यावर लिहिणे अधिक नाजूक आहे. लिहिणारे सॉफ्टवेअर खंड वाचत नाही. ते ड्राइव्हला थेट आज्ञा देते: लेसरची शक्ती जोख, ट्रॅक उघड, सत्र बंद कर. यासाठी कधी ‘एसआर0’ लिहिण्यासाठी उघडले जाते, तर कधी त्याच ड्राइव्हची ‘एसजी’ने सुरू होणारी दुसरी फाइल वापरली जाते. तिचाही ग्रुप ‘सीडीरॉम’च असावा लागतो आणि आजचे युडेव्ह तशी व्यवस्था करते. जुन्या मांडणीत ‘एसआर0’ला हक्क आणि ‘एसजी’ला मात्र नाही, असे होऊन डिस्क वाचता येई पण लिहिता येत नसे. ऑगस्ट 2004 मध्ये आलेल्या 2.6.8 कर्नलने यात भर टाकली. ज्याला उपकरण-फाइल उघडता येते तो ड्राइव्हला कोणतीही आज्ञा देऊ शकतो, अगदी त्याची अंतर्गत प्रणाली पुसण्याचीही, हे धोक्याचे असल्याने कर्नलने निर्धोक आज्ञांची यादी करून बाकीच्या रूटपुरत्या राखून ठेवल्या. हेतू रास्त होता. पण साध्या वापरकर्त्याचे सीडी लिहिणे एका रात्रीत बंद पडले आणि यादी पुढे दुरुस्त करत न्यावी लागली.

त्या काळात ‘सीडीरेकॉर्ड’ला रूटच्या अधिकाराने चालण्याची खूण देणे हा सर्रास उपाय होता. त्या प्रोग्रॅमच्या परवान्यावरून वाद झाला आणि 2006 मध्ये डेबियनने त्याची वेगळी शाखा काढली. तिच्यातला लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘वोडिम’. आज ‘लिबबर्न’वर उभा असलेला ‘झोरिसो’ साध्या वापरकर्त्याच्या हक्कांत काम करतो. त्यामुळे लिहिण्यासाठी रूट होण्याची सवय सोडायला हरकत नाही. लिहिताना मधेच खंड पडून डिस्क वाया जाण्याची भीतीही ड्राइव्हमधल्या आधुनिक बफर-रक्षणामुळे बरीच ओसरली आहे. मंद संगणकावर वेग कमी ठेवणे मात्र अजूनही शहाणपणाचे. सीडीचा एकपट वेग सेकंदाला 150 किलोबाइटचा, डीव्हीडीचा सुमारे 1,385 किलोबाइटचा. आकडा सारखा असला तरी डीव्हीडीची ‘आठपट’ सीडीच्या ‘आठपट’पेक्षा नऊ पटींहून अधिक असते.

उपकरण-फाइल उघडता आली तरी डिस्कवरच्या फाइली दिसण्यासाठी ती माउंट करावी लागते आणि माउंट हा मुळात रूटचा अधिकार आहे. तो इतरांना देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा ‘एफएसटॅब’ या नोंदवहीची. तेथे ड्राइव्ह, माउंट करायची जागा, फाइलव्यवस्था आणि पर्याय एका ओळीत लिहितात. ‘युजर’ पर्याय दिला तर कोणीही माउंट करू शकते, पण काढू शकते ती ज्या व्यक्तीने माउंट केले तीच. ‘युजर्स’ दिला तर कोणीही काढू शकते. एका ‘एस’चा हा फरक सामायिक संगणकावर भांडणे लावतो किंवा मिटवतो. दोन्ही पर्याय डिस्कवरचे प्रोग्रॅम चालवण्यास आपोआप मनाई करतात. संगणक सुरू होताना ट्रे रिकामा असणार, म्हणून ‘नोऑटो’ हवेच. ते विसरले तर सिस्टिमडी डिस्कची वाट पाहत बसते आणि शेवटी संगणकाला आणीबाणीच्या पडद्यावर नेऊन उभे करते. नवी तऱ्हा ‘युडिस्क्स’ सेवेची. डेस्कटॉप तिला विनंती करतो, ती परवानगी ठरवणाऱ्या ‘पोलकिट’ला विचारते आणि पडद्यासमोरच्या व्यक्तीसाठी पासवर्ड न मागता डिस्क माउंट करते. जागा ‘मीडिया’खाली किंवा ‘रन’खाली, त्या व्यक्तीच्या नावाच्या फोल्डरात. एफएसटॅबमध्ये त्या ड्राइव्हची ओळ आधीच असेल तर युडिस्क्स तिचा मान राखते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची विसरलेली ओळ नव्या डेस्कटॉपवर अनपेक्षित परिणाम दाखवते.

यानंतरचा टप्पा सर्वांत कमी ओळखला जातो: खुद्द डिस्कवर कोरलेल्या परवानग्या. 1988 मधल्या आयएसओ 9660 या मूळ प्रमाणात मालक आणि हक्क ही कल्पना व्यवहारात वापरलीच जात नाही. नावेही पहिल्या स्तरावर आठ अधिक तीन इंग्रजी अक्षरांची. युनिक्सच्या जगाने त्यावर ‘रॉक रिज’ नावाची जोड दिली आणि तिच्यात मालकाचा क्रमांक व हक्क लिहिण्याची सोय केली. परिणाम असा, की एखाद्याने स्वतःच्या संगणकावर फक्त स्वतःला वाचता येणारे फोल्डर रॉक रिजसह डिस्कवर लिहिले, तर ती मनाई डिस्कबरोबर प्रवास करते. डिस्क वाचण्यापुरतीच असल्याने ‘चमॉड’ तेथे चालत नाही. डिस्क तयार करणाऱ्या आज्ञेला मोठा ‘आर’ दिला तर मूळ हक्क जसेच्या तसे उतरतात. लहान ‘आर’ दिला तर सर्वांना वाचता येतील असे हक्क लिहिले जातात. दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी लहान ‘आर’च योग्य. हाती आलेली डिस्क आधीच अशी असेल तर माउंट करताना ‘ओव्हरराइडरॉकपर्म’ हा लांबलचक पर्याय आणि सोबत फाइली व फोल्डरांचे हक्क सांगावे लागतात, किंवा ‘नोरॉक’ देऊन ती जोड दुर्लक्षित करावी लागते. याच्या उलट गोष्ट रॉक रिज नसलेल्या डिस्कची. युडिस्क्स अशा डिस्कवरच्या फाइली फक्त माउंट करणाऱ्या व्यक्तीला वाचता येतील अशा दाखवते. संगणक चालू ठेवून घरातली दुसरी व्यक्ती आपल्या नावाने लॉग-इन झाली की तिला तीच डिस्क बंद दिसते.

मराठी वाचकाला विशेष भिडणारा भाग नावांचा आहे. विंडोजवर लिहिलेल्या डिस्कवर लांब नावे ‘जोलिएट’ या जोडीत असतात. ती दोन बाइटी युनिकोडमध्ये असल्याने देवनागरी नावे तिच्यात नीट बसतात. ‘आजीचे_पत्र’ या नावात मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलंत हे प्रत्येक वेगळे चिन्ह मोजले जाते. म्हणून जोलिएटची 64 चिन्हांची मर्यादा मराठी नावाला वाटते त्याहून लवकर गाठते. लिनक्सवर अशी डिस्क हाताने माउंट केली आणि कर्नलची ठरीव अक्षरसंहिता जुनी युरोपीय असली, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते. अशी अनेक नावे सारखीच दिसू लागतात आणि फाइल उघडायला गेले तर ती ‘नाही’ असे उत्तर मिळते. हा परवानगीचा दोष नव्हे, पण तसा समजला जातो. माउंट करताना ‘आयओकॅरसेट’ हा पर्याय ‘युटीएफ8’ असा दिला की नावे जागेवर येतात. युडिस्क्स हे स्वतःहून करते. जोलिएट आणि रॉक रिज दोन्ही असतील तर लिनक्स रॉक रिजला पसंती देते. त्यातली नावे जुन्या संहितेत लिहिलेली असतील तर ‘नोरॉक’ देऊन जोलिएटकडे वळता येते.

काही डिस्क माउंट होतच नाहीत आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. गाण्यांच्या मूळ सीडीवर फाइलव्यवस्था नसते. सेकंदाला 75 या हिशेबाने 2,352 बाइटचे ध्वनिखंड ओळीने असतात. गाणी ‘सीडीपॅरानोइया’सारख्या प्रोग्रॅमने काढून घ्यावी लागतात आणि त्यासाठी ड्राइव्हच्या उपकरण-फाइलीचा हक्क पुरतो, माउंटचा प्रश्न येत नाही. व्हीसीडी अधिक फसवी. ती माउंट होते, ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर दिसतो, त्यात ‘डॅट’ फाइलही दिसते, पण कॉपी करायला गेले की वाचनदोष येतो. कारण चित्रपटाचे खंड 2,048 बाइटचे नसून 2,324 बाइटचे असतात. चुकांच्या दुरुस्तीसाठीची जादा माहिती त्यांत काढून टाकलेली असते आणि नेहमीची फाइलव्यवस्था ते वाचू शकत नाही. विंडोजवर हीच कॉपी बिनबोभाट होई, म्हणून लिनक्सवर आलेल्या माणसाला लग्नाची सीडी ‘खराब झाली’ असे वाटते. ‘व्हीसीडीएक्सरिप’ने ती सहीसलामत उतरते. डीव्हीडीच्या बाबतीत अडचण विभागाची. भारत विभाग 5 मध्ये, अमेरिका 1 मध्ये. जानेवारी 2000 पासूनचे ड्राइव्ह विभाग स्वतःच सांभाळतात आणि तो पाचदाच बदलू देतात. न्यू जर्सीहून भाचीने पाठवलेली डीव्हीडी भोपाळच्या ड्राइव्हने नाकारली तर रूट होऊनही उपयोग नाही, कारण नकार कर्नलचा नसून ड्राइव्हच्या आतल्या प्रणालीचा असतो. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून बसवलेला प्लेअर आणखी एका कुंपणात असतो. त्याला ड्राइव्ह दिसण्यासाठी त्या व्यवस्थेची वेगळी परवानगी द्यावी लागते.

ट्रे न उघडणे ही तक्रार वरवर यांत्रिक वाटते. डिस्क माउंट असताना कर्नल ट्रेला कुलूप घालतो, त्यामुळे ड्राइव्हवरचे बटण कधीकधी दाद देत नाही. ‘इजेक्ट’ आज्ञा आधी डिस्क अनमाउंट करते आणि मग ट्रे उघडते. ती ‘उपकरण कामात आहे’ म्हणाली तर कोणता तरी प्रोग्रॅम डिस्कवरची फाइल धरून बसलेला असतो. बरेचदा तो एखादे टर्मिनलच असते, ज्याची चालू निर्देशिका डिस्कवर आहे. ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ नाव सांगतात. दोन्ही आज्ञा साध्या हक्कांत चालवल्या तर दुसऱ्या व्यक्तीचे प्रोग्रॅम दाखवत नाहीत. तेवढ्यापुरते रूट होणे समर्थनीय आहे. अगदीच हटून बसलेल्या ट्रेसाठी दर्शनी भागावर टाचणीचे छिद्र असते, पण ते वीज बंद असताना वापरायचे.

घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगथर उन्हाने, दमटपणाने आणि काळाने विटत जातो. तेव्हा फाइली एकेक करून काढण्यापेक्षा सगळ्या डिस्कची प्रतिमा घेणे चांगले. ‘डीडीरेस्क्यू’ला खंडाचा आकार 2,048 सांगून नोंदफाइल दिली की ते आधी सोपे भाग उचलते, अवघड भाग मागे ठेवते आणि काम थांबवून पुन्हा सुरू करता येते. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले खंड मिळवणेही शक्य होते, कारण एका ड्राइव्हला न दिसणारा खंड दुसऱ्याला पुष्कळदा दिसतो. यासाठी लागतो तो ‘एसआर0’ वाचण्याचा हक्क. डिस्क माउंट असण्याची गरज नाही, नसलेलीच बरी. तयार झालेली प्रतिमा ही घेणाऱ्या व्यक्तीची साधी फाइल असते. ती युडिस्क्सच्या लूप-सोयीने, म्हणजे फाइललाच ड्राइव्हसारखे वागवून, रूट न होता माउंट करता येते. मात्र रॉक रिजचे हक्क प्रतिमेतही तसेच उतरलेले असतात आणि तेथेही माउंटचे तेच पर्याय वापरावे लागतात. ही पद्धत माहितीच्या सीडी-डीव्हीडींची आहे. गाण्यांची सीडी आणि व्हीसीडी यांचे खंड वेगळ्या मापाचे असल्याने त्यांची कच्ची प्रत ‘सीडीआरडीएओ’सारख्या प्रोग्रॅमने घ्यावी लागते. तो ड्राइव्हला थेट आज्ञा देतो, म्हणून त्याला वाचण्याबरोबर लिहिण्याचाही हक्क लागतो, डिस्कवर काहीच लिहायचे नसले तरी.